दीपमाळ, तोरण आणि झोत

गणपतीच्या दिवसांत रहाटणीतल्या गच्चीवर रात्री उभे राहिले, की मिरवणूक कानांआधी डोळ्यांना कळते. ढोलाचा आवाज अजून कोकणे चौकाच्या पलीकडेच असतो. इकडे इमारतींच्या वर हिरव्या-निळ्या काठ्या आभाळात फिरू लागलेल्या असतात. आठवीतल्या एका मुलाने आम्हांला विचारले होते, "सर, या काठ्या कुठे संपतात?" संपत नाहीत, हे उत्तर आम्ही दिले. हवेतली धूळ, धूर आणि बाष्प यांच्या कणांवरून विखुरलेला प्रकाश आपल्याला दिसतो, जिथे कण विरळ होतात तिथे 'काठी' संपल्यासारखी वाटते, हेही सांगितले. पण त्या प्रश्नामागे दुसरा एक प्रश्न होता आणि तो आमच्या डोक्यातून गेला नाही. दिवा हा दिसण्यासाठी लावायचा. मग दिवाच पाहायला जायचे, तेही गावाने मिळून आणि उघड्यावर, हे माणसाने केव्हापासून सुरू केले आणि कोणत्या साधनांनी?

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर दगडात उभे आहे. महाराष्ट्रातल्या देवळांपुढच्या दीपमाळा आपण इतक्या वेळा पाहिलेल्या असतात, की आता त्या दिसेनाशा झाल्या आहेत. आज उभ्या असलेल्यांपैकी बऱ्याच सतराव्या-अठराव्या शतकांतल्या, मराठेशाहीच्या काळातल्या आहेत. जेजुरीला गडाच्या पायऱ्यांवरून जाताना दोन्ही अंगांना दीपमाळा लागतात. त्यांतल्या अनेक कुणा ना कुणा भक्ताने नवस फेडण्यासाठी बांधून दिलेल्या. गोव्यात हीच कल्पना चुन्या-विटांत वेगळे रूप घेते. मंगेशीचा सात मजली अष्टकोनी दीपस्तंभ हे त्याचे ठळक उदाहरण. देशावरची दीपमाळ मात्र काळ्या पाषाणाची, वर निमुळती होत जाणारी, आणि अंगातून चहूकडे दगडी हात बाहेर आलेली. या हातांची दोन कामे. प्रत्येकाच्या टोकावर पणती ठेवायची, आणि ती ठेवण्यासाठी चढणाऱ्याने त्याच हातांवर पाय द्यायचा. वेगळी शिडी लागत नाही. आज एखाद्या कारखान्यात असे यंत्र कुणी आखले तर त्याची पाठ थोपटली जाईल.

त्रिपुरी पौर्णिमेला, म्हणजे कार्तिक पौर्णिमेला, ही माळ उजळायची. तेल घरोघरचे, वाती घरोघरच्या. तेल करडईचे असो, तिळाचे असो की करंजाचे, ते नेहमीच्या तापमानाला सहज पेट घेत नाही, म्हणून पणती कलंडली तरी भडका उडत नाही. कापसाच्या तंतूंमधल्या बारीक फटींतून केशाकर्षणाने तेल वर चढते, ज्योतीच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि जळते ती वाफ. ज्योत पिवळी का, तर अर्धवट जळलेले कार्बनचे कण तिच्यात तापून प्रकाशतात. म्हणजे दीपमाळेवर प्रकाशतो तो मुख्यतः काजळीचा कण. हे वाक्य वर्गात सांगितले की मुले आधी हसतात. मग थंड बशी ज्योतीवर धरून दाखवावी.

आता एक हिशेब करू. पणतीचा उजेड ढोबळमानाने एका मेणबत्तीइतका किंवा थोडा कमीच असतो. एक मेणबत्ती सर्व दिशांना मिळून साधारण १२ ल्युमेन प्रकाश देते. शंभर पणत्यांची दीपमाळ धरली तर झाले १२०० ल्युमेन. आज बाजारात मिळणारा १२ वॅटचा एलईडी बल्ब जवळपास इतकाच प्रकाश देतो. म्हणजे सगळ्या गावाने वर्षभर वाट पाहून, तेल गोळा करून, एका चपळ गड्याला वर चढवून जो उजेड केला, तो आपल्या स्वयंपाकघरातल्या एका बल्बाएवढा!

मग तो दूरवरच्या वाडीवरून दिसायचा कसा? इथे दिव्यापेक्षा डोळ्याचे कौतुक अधिक आहे. पुरेशा अंधारात एकटी मेणबत्ती दोन-अडीच किलोमीटरवरून नुसत्या डोळ्यांना दिसू शकते, असा हिशेब निघतो. त्रिपुरीला पौर्णिमा असते, अंधार पुरा नसतो, अशी शंका हुशार विद्यार्थी काढेल. काढू द्यावी. चांदण्यात न्हालेला दगड आपल्याला उजळ वाटला तरी तो फारच मंद असतो. पणतीच्या ज्योतीचा पृष्ठभाग त्याच्या कित्येक हजारपट, आणि खुद्द चंद्रबिंबापेक्षाही जास्त तेजस्वी असतो. शिवाय चांदण्यामुळे जत्रेला आलेल्यांना रात्री घरची वाट सापडे. हा व्यवहार पंचांग करणाऱ्यांच्या मनात होता की नाही, या वादात आम्ही पडत नाही.

दुसरी गंमत अंतराची. आपल्या डोळ्याला दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यात किमान एक कलेचा, म्हणजे एक अंशाच्या साठाव्या भागाचा, कोन असावा लागतो. दीपमाळेवरच्या शेजारच्या दोन पणत्यांत ३० सेंटीमीटर अंतर असेल, तर साधारण एक किलोमीटरवर त्या एकमेकींत मिसळतात. जवळून पणत्या, दुरून उजेडाचा एक सलग खांब. याच नियमावर आजचे सगळे पडदे चालतात, हे आपण पुढे पाहू. कोल्हापूरला त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगेच्या घाटावर हजारो पणत्या लागतात, तिथे हा प्रयोग आपोआप घडतो. पायऱ्यांवर उभे राहिले तर पणत्या दिसतात, पुलावरून पाहिले तर रेषा.

फ्रान्समधल्या ल्यों शहराची गोष्ट आपल्या त्रिपुरीची आठवण करून देणारी आहे. ८ डिसेंबर १८५२ रोजी तिथे टेकडीवरच्या मेरीच्या पुतळ्याचा सोहळा वादळी पावसामुळे रद्द होण्याच्या बेतात होता. संध्याकाळी आभाळ मोकळे झाले आणि लोकांनी आपापल्या खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. कुणी हुकूम दिला नव्हता. आज तिथला प्रकाशोत्सव जगभरचे प्रवासी ओढतो. मुळात मात्र तो खिडकीतल्या मेणबत्तीचा.

एकोणिसाव्या शतकात उजेड कंपनीकडे गेला. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले. १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लावून पाहण्यात आले आणि ते लावणारी कंपनी पुढच्याच वर्षी गुंडाळली गेली. पहिल्या प्रयोगाचे हे भाग्य आपल्याला ओळखीचे आहे. वीज खऱ्या अर्थाने भरपूर झाली ती सह्याद्रीचे पाणी कोंडून. १९१५ साली टाटांचे खोपोलीचे केंद्र मुंबईला वीज देऊ लागले.

मधल्या काळात एक योगायोग घडला. १८९२-९३ च्या सुमारास पुण्यात गणपती घरातून रस्त्यावर आला. १८९३ सालीच शिकागोला ते जागतिक प्रदर्शन भरले होते, ज्याच्या निमित्ताने झालेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले. त्या प्रदर्शनाच्या रोषणाईचे कंत्राट वेस्टिंगहाऊस कंपनीने मिळवले होते आणि लाखाच्या घरातले दिवे प्रत्यावर्ती धारेवर पेटवून दाखवले होते. लोकांनी तिथे दिवे पाहिले. कंत्राटदारांना दाखवायची होती ती धारा. रोषणाई ही पुष्कळदा अशी कशाची तरी जाहिरात असते. पुण्याच्या मिरवणुकीत त्या वेळी मशाली आणि दिवट्या होत्या. पुढे डोक्यावर घेतलेल्या पेट्रोमॅक्सच्या बत्त्या आल्या. त्यांच्या जाळीवर थोरियम आणि सिरियम यांची ऑक्साइडे असत, आणि रॉकेलच्या ज्योतीत ती पांढरीशुभ्र तापत. लग्नाच्या वरातीत अशी बत्ती वाहणारा माणूस सगळ्यांत उजेडात असूनही कुणाला दिसत नसे. त्याच्यावर कुणी इतिहास लिहिलेला नाही.

विजेचा बल्ब हाती आल्यावर खरी कला सुरू झाली, आणि ती विद्यापीठात नव्हे, मांडववाल्याच्या गोदामात. अमेरिकेत एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने १८८२ साली नाताळच्या झाडावर ८० रंगीत बल्ब लावले होते. आपल्याकडे तोरणे आली आणि त्यांच्याबरोबर एकसर जोडणीचे सगळे त्रासही आले. बल्ब ६ व्होल्टचा, घरातली वीज २३० व्होल्टची. म्हणून ३८ बल्ब एकामागून एक जोडायचे. एकाचा तंतू तुटला की सगळी माळ काळोखात. तो एक बल्ब शोधण्यात घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी किती संध्याकाळी घालवल्या असतील! काही जण खराब बल्ब काढून त्या जागी तारेचा तुकडा जोडत. असे दोन बल्ब कमी झाले, की उरलेल्या ३६ जणांवर सुमारे साडेपाच टक्के जास्त व्होल्टता येते. एवढ्याशा वाढीने तंतूचे आयुष्य निम्म्यावर येते. मग तिसरा जातो, चौथा जातो. दहावीच्या विद्युतधारेच्या धड्यात असे उदाहरण घालायला हरकत नाही. मात्र चालू माळेत तारेचा तुकडा कुणी कधीही घालू नये, हे आधी सांगावे.

लुकलुकणाऱ्या माळेत एक बल्ब वेगळा असे. त्याच्या आत द्विधातूची पट्टी. तापली की वाकते, जोड तुटतो, सगळी माळ विझते. थंड झाली की सरळ होते आणि माळ पेटते. मांडवाच्या कमानीवर धावणारे दिवे ही याच्या पुढची पायरी. तीन माळा एकमेकींत गुंफायच्या: पहिलीत १, ४, ७ क्रमांकाचे बल्ब, दुसरीत २, ५, ८, तिसरीत ३, ६, ९. माळा क्रमाने पेटवल्या की उजेड पळताना दिसतो, जरी जागचा एकही बल्ब हललेला नसतो. माक्स व्हेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ साली या भासाचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना विचारावे: तीनच माळा का? दोन का नकोत? दोन माळा आळीपाळीने लागल्या तर उजेड डावीकडे गेला की उजवीकडे, हे डोळा ठरवू शकत नाही. तीन असल्या तर एका बाजूला एक पाऊल आणि दुसऱ्या बाजूला दोन पावले. डोळा जवळचे पाऊल पसंत करतो.

पण माळा क्रमाने पेटवायच्या कोणी? इथे ते यंत्र येते ज्यासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला. एक लाकडी रूळ. मोटर त्याला संथ फिरवते. रुळावर तांब्या-पितळेच्या पट्ट्या ठोकलेल्या, आणि एका ओळीत उभी असलेली धातूची बोटे त्यांवर टेकलेली. बोटाखाली पट्टी आली की त्या बोटाची माळ पेटते, लाकूड आले की विझते. पट्टी लांब तर उजेड जास्त वेळ, आखूड तर क्षणभर. बंगालमधल्या चंदननगरचे श्रीधर दास यांचे नाव या रोषणाईसाठी देशभर झाले. मोर पिसारा फुलवतो, कारंजे उसळते, चक्र फिरते, ते सारे रुळावरच्या पट्ट्यांत आधी लिहून ठेवलेले असते. आज आपण याला प्रोग्राम म्हणतो. जाकारच्या मागाची भोकांची पुठ्ठेही हेच करीत होती.

आमच्या गावाच्या नावाची व्युत्पत्ती काहीही असो, त्यात 'रहाट' ऐकू येतो खरा, आणि आताच्या मुलांना रहाट काय ते समजावून सांगावे लागते. विहिरीवरच्या रहाटाला मडकी बांधलेली असतात. प्रत्येक मडके आपापल्या पाळीला वर येते आणि पन्हळीत रिकामे होते. रोषणाईचा रूळ म्हणजे विजेचा रहाटच. या तुलनेने एका तासात जे कळले ते आकृतीने कळले नव्हते. रुळाची दुखणीही शिकण्यासारखी आहेत. थंड तंतूचा रोध तापलेल्याच्या मानाने फार कमी असतो, त्यामुळे प्रत्येक वेळी माळ पेटताना क्षणभर खूप मोठी धारा जाते. बोटाखाली ठिणगी उडते, पट्टी काळी पडते. म्हणून कुणीतरी जवळ बसून ती घासत राहायचे. पडद्यापुढे मोर नाचत असे तेव्हा मागे हा माणूस बसलेला असे.

पुढे थायरिस्टर आले, छोट्या एकात्मिक परिपथांच्या चकत्या आल्या. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली विजेच्या सामानासाठी प्रसिद्ध आहे, आणि तिथून चार पावलांवर दगडूशेठ हलवाई गणपती. बाजार आणि गिऱ्हाईक इतके शेजारी असल्यावर कला वाढायला वेळ लागत नाही. बाजीराव रस्त्यावरच्या नातूबाग मंडळाची संगीताच्या तालावर चालणारी रोषणाई पाहायला लोक मुलांना खांद्यावर घेऊन गर्दीत उभे राहत आले आहेत. अशा रोषणाईचे साधे तत्त्व असे: ध्वनीचा विद्युतसंदेश गाळण्यांतून नेऊन खर्ज, मध्य आणि तार असे वेगळे करायचे आणि प्रत्येकाला आपला रंग द्यायचा. डग्ग्याचा घुमारा तांबडा, झांजेची किणकिण निळी.

निळा हा मात्र सर्वांत दुबळा गडी होता. तापलेला तंतू निळा प्रकाश फार थोडा देतो, आणि त्यावर निळे लुकण चढवले की बाकीचा सगळा उजेड अडतो. जुन्या तोरणातला निळा बल्ब नेहमी झोपाळू दिसे, त्याचे कारण हे. तांबडा दिसणारा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ साली बनवला. पुरेसा प्रखर निळा हाती यायला १९९३ साल उजाडले. तो नाकामुरा यांनी दाखवला. आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना त्या कामासाठी २०१४ चे नोबेल मिळाले. निळा आला आणि त्यावर पिवळे स्फुरदीप्त द्रव्य लावून पांढराही आला. मांडवाचे रूप एका पिढीत पालटले. मुंबईत मरीन ड्राइव्हचा 'राणीचा हार' २०१५ साली सोडियमच्या पिवळ्यावरून पांढऱ्या एलईडीवर नेला, तेव्हा एवढी ओरड झाली की प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि पुढे पिवळसर छटेचे दिवे बसवण्यात आले. रस्त्यावर उजेड पडावा म्हणून लावलेल्या दिव्यांची ओळ लोकांनी केव्हाच आपल्या शहराचे चित्र मानून टाकली होती. ती बिघडली तेव्हा ते चित्र होते हे कळले.

आता चौकाचौकांत एलईडीचे पडदे उभे असतात. त्यांच्या दोन ठिपक्यांत १० मिलिमीटर अंतर असेल तर सुमारे ३४ मीटरवरून ते मिसळतात. हिशेब दीपमाळेचाच, फक्त एक किलोमीटरच्या जागी गल्लीची लांबी.

इथपर्यंतच्या सगळ्या साधनांत एक गोष्ट समान आहे: दिवा जागच्या जागी असतो आणि प्रकाश सर्व दिशांना पसरतो. आपण त्याच्याकडे जातो. दूर गेलो तर तो मंदावतो. गच्चीवरून दिसलेल्या काठ्या या वंशातल्या नाहीत. मैमन यांनी १९६० साली पहिला लेझर चालवला. त्याचा झोत अंतराबरोबर फारसा पसरत नाही, हेच त्याचे वैशिष्ट्य आणि हाच धोका. रात्री बाहुली सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. समांतर किरणांचा झोत तिच्यातून शिरला, की डोळ्याचे भिंग तो दृष्टिपटलावर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढ्या ठिपक्यात गोळा करते. व्यास ३५० पट कमी झाला, म्हणजे तीव्रता सव्वा लाखपटीच्या घरात वाढली. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो. वर्गातल्या दर्शकाची शक्ती ५ मिलिवॅटच्या आत असावी अशी अपेक्षा असते, म्हणून तिथे तो पाव सेकंद बहुधा पुरतो. मिरवणुकीतली यंत्रे काही वॅटची, म्हणजे हजारपट शक्तीची असू शकतात. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे नाचणाऱ्या मुलाला त्या वेळी काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशी समोरच्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी डाग दिसतो.

पुण्यात २०२३ च्या गणेशोत्सवानंतर अशा इजा झालेले तरुण नेत्रतज्ज्ञांकडे आल्याच्या बातम्या झाल्या, आणि २०२४ साली पोलिसांनी मिरवणुकांत लेझर झोतांना मनाई करणारा आदेश काढला. अमेरिकेत असा झोत प्रेक्षक उभे असलेल्या जमिनीपासून किमान ३ मीटर उंचीवरून न्यावा असा दंडक आहे. आपल्या गल्लीत तीन मीटरवर पहिल्या मजल्याची खिडकी येते, आणि तिच्यात आजी नातवाला कडेवर घेऊन उभी असते. आदेश निघाले तरी मंडळात वर्गणीचा हिशेब ठेवणारा, ट्रकवरचे यंत्र ठरवणारा मुलगा बहुधा आपलाच माजी विद्यार्थी असतो, आणि 'शार्पी'चा झोतदिवा आणि लेझर यांतला फरक त्याला कुणी सांगितलेला नसतो. पहिल्यात दिव्याचा प्रकाश भिंगांनी आवळलेला असतो, तोही जवळून डोळ्यांवर घेऊ नये. पण दुसरा वेगळ्याच जातीचा. आम्ही आमच्या शाळेत हा हिशेब फळ्यावर करून दाखवला तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग मोबाइलने फोटो काढताना?" त्यालाही धोका आहे: कॅमेऱ्याचे भिंगही झोत गोळा करते आणि आतला संवेदक जळू शकतो. मोबाइल जळेल हे ऐकल्यावर वर्ग खरोखर गंभीर झाला.

त्या वर्षी त्रिपुरी पौर्णिमेला मुलांना घेऊन आम्ही पवनेच्या काठी एक प्रयोग केला. रहाटणीत सरळ एक किलोमीटर मोकळी जागा मिळत नाही, म्हणून दोन पणत्या दहा सेंटीमीटरवर ठेवल्या आणि मुलांना पावले मोजत मागे जायला सांगितले. हिशेबाने त्या साडेतीनशे मीटरच्या आसपास एक व्हायला हव्या होत्या. मुलांचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत. वाऱ्याने ज्योती हलत होत्या, रस्त्यावरचे दिवे डोळ्यांत येत होते, काहींची पावले मोठी होती. एका मुलाने मात्र शंभर पावलांच्या आतच "झाली एक" म्हणून हात वर केला. सगळे हसले. त्याला पुन्हा उभे केले, पुन्हा तेच. पुढच्या आठवड्यात त्याचे वडील त्याला घेऊन चष्म्याच्या दुकानात गेले.